हिवतापाचा परजीवी वाढवायला शिकताना

गडचिरोली जिल्ह्यातील एका आरोग्य केंद्रात मी काही वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले. तापाच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, जेएसबी रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचा परजीवी शोधायचा, हे माझे रोजचे काम होते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या जातीची दोनच रूपे त्या पट्ट्यांवर भेटत. एक म्हणजे तांबड्या पेशीच्या कडेला बसलेली, लाल खड्याची निळी बारीक अंगठी. दुसरे, चंद्रकोरीसारखी लैंगिक अवस्था. या दोहोंच्या मधले बहुधा काहीच दिसत नसे. अंगठीचे पुढे काय होते याचे उत्तर मी पुस्तकात वाचले होते, पण ते डोळ्यांनी पाहण्याचा योग संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाल्यावरच आला.

तिथे माझ्याकडे पहिले काम आले ते हा परजीवी फ्लास्कमध्ये जिवंत ठेवण्याचे. १९७६ मध्ये विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी तो मानवी रक्तपेशींत अखंड वाढवून दाखवला आणि आजही मूळ पद्धत तीच आहे. ओ गटाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या, उरलेल्या तांबड्या पेशी धुऊन आरपीएमआय १६४० या पोषक द्रवात ठेवायच्या, त्यात रक्तद्रव किंवा त्याचा पर्याय आणि हायपोझँथिन घालायचे, आणि ऑक्सिजन सुमारे ५ टक्केच राहील अशा हवेत ३७ अंशांवर फ्लास्क ठेवायचा. हायपोझँथिन लागते, कारण डीएनएसाठीची प्युरिने, म्हणजे त्याचे काही घटक, या परजीवीला स्वतः घडवता येत नाहीत. ज्या पेशीत तो राहतो तिला केंद्रक नाही, नवी प्रथिने बनवण्याची सोय नाही. अशा रिकाम्या घरात त्याला जवळजवळ सगळी व्यवस्था स्वतःच लावावी लागते. तो पेशीतले हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटणारे विषारी हीम तपकिरी स्फटिकांच्या रूपात बाजूला साठवतो, आणि बाहेरचे अन्न आत यावे म्हणून पेशीच्या आवरणात नव्या वाटा पाडतो.

सुरुवातीचे काही आठवडे कठीण गेले. द्रव नायट्रोजनमधून काढलेली पहिली कुपी मीच घालवली. गोठवताना पेशींत शिरलेले ग्लिसरॉल हळूहळू बाहेर यावे म्हणून १२ टक्के मिठाचे पाणी थेंबाथेंबाने घालायचे असते. मी घाई केली आणि पेशी फुटून वरचा द्रव लालभडक झाला. दुसरी कुपी नीट उतरली. परजीवी दिसू लागले, वाढू लागले, आणि एका शनिवारी ३ टक्के पेशींत परजीवी मोजून मी समाधानाने घरी गेलो. सोमवारी फ्लास्कमधला गुलाबी द्रव पिवळा पडला होता. पट्टीवर निळ्या अंगठ्यांऐवजी आक्रसलेले, गर्द जांभळे ठिपके होते. ग्रस्त पेशी निरोगी पेशीच्या कित्येक पट ग्लुकोज वापरते आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकते. रविवारी संख्या वाढली आणि त्या आम्लातच सगळे मेले. प्रयोगशाळेच्या मॅडम रागावल्या नाहीत. "अहो, रविवार आहे म्हणून ते थांबत नाहीत. शनिवारी कल्चर स्प्लिट करूनच घरी जायचं," एवढेच त्या म्हणाल्या; स्प्लिट म्हणजे फ्लास्कमधले थोडेच परजीवी ठेवून ताज्या पेशी आणि द्रव घालणे. त्यानंतर मी माझी सुटी परजीवीच्या, पेशीत शिरण्यापासून ती फोडून बाहेर पडण्यापर्यंतच्या, ४८ तासांच्या चक्राला जुळवून घेऊ लागलो.

सगळे परजीवी एकाच वयाचे करण्यासाठी कल्चरला, म्हणजे फ्लास्कमधल्या वाढीला, दहा मिनिटे ५ टक्के सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ देतात. मोठ्या परजीवींनी पाडलेल्या त्याच वाटांनी सॉर्बिटॉल आत शिरते, मागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुटते; कोवळ्या अंगठ्यांच्या पेशींत त्या वाटा अजून नसल्यामुळे त्या वाचतात. हे दोन चक्रांत दोनदा केल्यावर मी दर चार तासांनी पट्टी काढू लागलो. पेशीत शिरल्यापासून चोविसाव्या तासाच्या सुमारास अंगठी भरून गोल झाली आणि तिच्यात तपकिरी कण दिसू लागले. पुढे केंद्रकाचे दोन, चार असे भाग होत गेले. गडचिरोलीत हजारो पट्ट्या पाहूनही जे नजरेस पडले नव्हते ते हेच. या वयाची ग्रस्त पेशी आपल्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभारते आणि त्यांवरील प्रथिनाच्या आधारे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते, म्हणून ती, अशा पेशी गाळून काढणाऱ्या प्लीहेतून जात नाही आणि बोटातल्या रक्तातही येत नाही. मेंदूतल्या वाहिन्यांत असे घडले तर रुग्ण बेशुद्ध होतो. पट्टीवर परजीवी थोडे म्हणजे आजार हलका, असे मी आरोग्य केंद्रात कितीतरी वेळा मनात धरले होते. ते किती धोक्याचे होते हे फ्लास्कने दाखवले, कारण तिथे चिकटायला रक्तवाहिनी नसते आणि सगळे उघड्यावर असते.

चव्वेचाळिसाव्या तासापासून मी प्रयोगशाळेतच थांबलो. मध्यरात्रीच्या पट्टीवर पेशी द्राक्षांच्या घडासारख्या भरल्या होत्या: मध्यभागी तपकिरी गोळा, भोवती पंधरा-वीस जांभळे दाणे. थोडे कल्चर गरम मंच असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग एक घड क्षणात फुटला आणि दाणे उधळले. रुग्णाला हुडहुडी भरते ती अशाच, पण एका वेळी कोट्यवधी पेशी फुटल्यामुळे. त्यांतला एक दाणा शेजारच्या पेशीला टेकला, पेशी थरथरली, तिच्यावर खळगा पडला. दाणा निमुळत्या टोकावर वळला आणि पेशीचे आवरण स्वतःभोवती ओढून घेत आत गेला. या सगळ्याला जेमतेम एक मिनिट लागले असेल. त्याच आवरणाच्या पिशवीत तो पुढचे दोन दिवस राहणार होता.

पहाटे पुन्हा पट्टी रंगवली. घड फार थोडे उरले होते आणि ठिकठिकाणी, काही पेशींत दोन-दोन, अगदी बारीक अंगठ्या होत्या. आरोग्य केंद्रात रोज दिसायच्या त्याच. मी हजार पेशी मोजल्या, आकडा नोंदवहीत लिहिला आणि त्यापुढे 'शून्य तास' अशी नोंद केली.