रहबामाची करंगळी आणि शलमोनाची वेठ

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी पवित्रशास्त्राच्या (बायबलच्या) तासाचा एकच धडा पुन्हा उघडतो: ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय बारावा. ‘तरुण राजाने म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही, म्हणून राज्य फुटलं’ एवढं लिहिलं की परीक्षेत भागायचं. पण शलमोन राजानंतर गादीवर बसला तेव्हा त्याचा मुलगा रहबाम ४१ वर्षांचा होता! त्याच्याबरोबर वाढलेल्या सल्लागारांना मूळ हिब्रूत ‘येलादीम’, म्हणजे चक्क ‘पोरं’ म्हटलंय. ती पोरंही चाळिशीचीच.

खरा हिशेब चौथ्या-पाचव्या अध्यायात आहे. शलमोनाच्या मुदपाकखान्याला रोज ३० कोर (कोर म्हणजे धान्याचं एक मोठं माप) सपीठ, ६० कोर पीठ, ३० बैल आणि १०० मेंढरं लागत. बारा विभागांनी पाळीपाळीने एकेक महिना हे पुरवायचं. म्हणजे एका विभागावर त्या एका महिन्यात २,७०० कोर पीठ नि ९०० बैल. यादीतली बहुतेक ठिकाणं उत्तरेकडची. वर लबानोनातल्या लाकडासाठी वेठ: ३०,००० माणसं, १०,००० ची एक पाळी, एक महिना डोंगरात, दोन महिने घरी. वर्षातले चार महिने घरचा गडी शेताबाहेर. मंदिराला ७ वर्षं लागली, राजवाड्याला १३.

शखेम गावी नव्या राजासमोर जमलेल्या लोकांनी राजा बदला असं म्हटलंच नव्हतं. जू हलकं करा, आम्ही सेवा करू, एवढंच मागणं. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. ‘माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड’ हे वाक्य पोरांनी पढवलं, पण लोकांसमोर त्याने ते गाळलं. तेवढी अक्कल होती. ‘बापाने चाबकांनी शिक्षा केली, मी विंचवांनी करीन’ हे मात्र ठेवलं.

त्याहून मोठी चूक पुढे आहे आणि ती वर्गात घाईत वाचली जायची. उत्तरेकडचे दहा वंश उठून गेल्यावर त्यांच्याकडे पाठवला कोण, तर वेठीवरचाच अधिकारी, अदोराम. लोकांनी त्याला धोंडमार करून मारलं आणि राजा रथात चढून यरुशलेमला पळाला. उत्तरेने राजा केला तो यराबामही एके काळी योसेफाच्या घराण्याच्या वेठीवरचा मुकादम. दुखणं कुठे आहे हे त्याला आतून ठाऊक.

उत्तरेचं राज्य ख्रिस्तपूर्व ७२२ मध्ये अश्शूरने घेतलं, रहबामाकडे उरलेलं दक्षिणेचं यहूदा ५८६ मध्ये बाबेलने. रहबामाच्या पाचव्याच वर्षी मिसरचा राजा शिशक शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करवून घेतल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या धरून चालत आणि परतले की पहाऱ्याच्या खोलीत ठेवून देत.