आमची वाटचाल: कोलवेझीचा फॅन

बॅलन्सिंगचं काम करतो म्हणलं की लोकांना गाडीची चाकंच आठवतात. प्रकार तोच, फक्त चाकाच्या जागी कारखान्यातला दीड-दोन मीटरचा फॅन असतो आणि तो उचलून कोणी आमच्याकडे आणत नाही, आम्हालाच जावं लागतं. २०११ ला नाशिकला सातपूरमध्ये भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली, मी, एक फिटर आणि कर्जावर घेतलेलं सेकंडहँड व्हायब्रेशन मोजायचं मशीन. गिऱ्हाईक बहुतेक साखर कारखाने, बॉयलरचे आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीत सोडणारे. म्हणजे दिवाळी ते होळी जेवायला वेळ नाही आणि मे नंतर फोनच वाजत नाही, पगार मात्र बाराही महिने द्यायचे असतात.

२०१८ च्या अशाच एका रिकाम्या जुलैत ओळखीतल्या एका फॅन बनवणाऱ्यांचा फोन आला, आमचा एक फॅन आफ्रिकेत थरथरतोय, जाता का. मी आधी हो म्हणलं आणि मग नकाशा उघडला. कांगोच्या दक्षिण टोकाला कोलवेझी, तांबं आणि कोबाल्टच्या खाणींचं गाव. मोबाईलच्या बॅटरीत जातो तोच कोबाल्ट, त्या वर्षी त्याचा भाव चढाच होता, त्यामुळे तिथला प्लांट एक दिवस बंद राहणं म्हणजे काय ते सांगायला नको.

व्हिसाला पासपोर्ट दिल्लीला गेले. यलो फीव्हरची सुई घेतली की कार्ड दहा दिवसांनी लागू होतं हे आम्हाला सुई घेताना कळलं, म्हणजे तिकिटं परत बदला. त्यात ऑगस्टच्या सुरुवातीला टीव्हीवर बातमी, कांगोत इबोला. ती साथ उत्तर किवू प्रांतात, कोलवेझीपासून हजार किलोमीटरच्या वर लांब, पण हे घरी पटवायला मला दोन रात्री लागल्या. बायको म्हणाली, तुम्हाला काम करायला दुसरं गाव मिळालं नाही का हो.

आणि खरा घोळ आम्हीच घातला. मशीनची लिथियमची स्पेअर बॅटरी मशीनच्याच पेटीत ठेवून पेटी चेक-इनला दिली. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यायची असते, तिकिटावर पण लिहिलेलं असतं, वाचतो कोण. पेटी मुंबईतच उतरवून ठेवली आणि आम्हाला ते कळलं कांगोत लुबुंबाशी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यासमोर, अदिस अबाबाला विमान बदलून आल्यावर, पट्टा रिकामा फिरत होता तेव्हा. चार लाखाचं मशीन. ते असं लगेच मागून येणार नव्हतं. फिटर माझ्याकडे बघतोय, मी पट्ट्याकडे.

तिथून कोलवेझी तीनशे किलोमीटर. कोरडा सीझन, लाल धूळ इतकी की पुढचा ट्रक दिसायचाच नाही, नुसता हॉर्न. सल्फ्युरिक ॲसिडचे टँकर खाणींकडे आणि माल भरलेले ट्रक उलट्या दिशेने, न संपणारी रांग. वाटेत लिकासीला पाणी घ्यायला थांबलो तर दुकानदारीणबाईंनी माझी वीस डॉलरची नोट परत केली, कोपऱ्याला नखाएवढी फाटलेली होती म्हणून. तिकडं डॉलर सर्रास चालतो, पण नोट कोरी करकरीत पाहिजे. ड्रायव्हर हसला, म्हणाला फाटका डॉलर म्हणजे कागद.

फॅन ड्रायरचा, कोबाल्टची ओली पूड सुकवतात तिथला. पात्यांवर पूड चिकटून पापुद्रे झालेले, ते खरवडून काढले तरी थरथर १४ च्या खाली येईना. १४ मिलिमीटर प्रति सेकंद म्हणजे फाउंडेशनवर हात ठेवला तर दात वाजतात. प्लांटवाल्यांकडे पेनासारखं एक साधं मीटर होतं, ते किती थरथरतंय ते सांगतं, वजन कुठं जड आहे ते नाही सांगत. ते सांगणारं आमचं मशीन मुंबईत.

रात्री कॅम्पवर बुकारी आणि मासा समोर, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा गोळा, आपल्या उकडीचा थोरला भाऊ, आणि मला आमचे उस्ताद आठवले. त्यांनी एकदा मशीन रिपेअरला असताना कागदावर एक पद्धत करून दाखवली होती, चार रनची, म्हणजे फॅन चार वेळा चालवून: एकदा आहे तसा, तीनदा वजन लावून. नुसता आकडा पुरतो, कोन लागत नाही. लागते फक्त कंपास. ड्रायव्हरने सकाळी मुलीची शाळेची कंपासपेटी आणून दिली.

कागदावर १४ च्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं. फॅनवर खडूने तीन खुणा, १२० अंशाच्या अंतराने, वर्तुळावर पण तशाच. मग ९० ग्रॅमची पट्टी पहिल्या खुणेवर वेल्ड करायची (वेल्डिंगची अर्थिंग इम्पेलरलाच, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चाकालाच लावायची, चुकून हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या खोक्याला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग गेलं), फॅन चालवायचा, आकडा घ्यायचा, बंद. मग ती काढून दुसऱ्या खुणेवर, मग तिसऱ्या. थांबायलाच वीस मिनिटं, आणि गरम मोटर सारखी सारखी स्टार्ट करता येत नाही म्हणून नुसतं बसायचं. पहिला १३.२, दुसरा ११.३. तिसऱ्याच्या आधी लाईट गेली ती चार तास. आल्यावर तिसरा, १९.५, आणि प्लांट इंचार्जचा हात स्टॉप बटणावरच. मी म्हणलं थांबा थांबा, हाच आकडा पाहिजे होता. खोटं कशाला सांगू, मला पण घाम फुटला होता.

प्रत्येक खुणेवर कंपासचं टोक ठेवून त्या त्या आकड्याचे कंस मारले. तिन्ही कंस जवळपास एकाच ठिकाणी भेटले, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जागा उरली. केंद्रापासून ते अंतर ५.६ भरलं. १४ भागिले ५.६, अडीच पट, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, पहिल्या खुणेपासून ७० अंशावर. पट्टी काढून तेवढा तुकडा लावला. २.३.

इंचार्जने मीटर हलवून बघितलं, त्याला वाटलं बिघडलं.

त्या पैशात दोन महिन्यांचे पगार निघाले आणि पुढं झांबियाची दोन कामं त्याच ओळखीतून मिळाली, ते वेगळं लिहीन. पेटी मेव्हण्याने मुंबईहून सोडवून आणली होती, आम्ही पोचलो तेव्हा गाळ्यात टेबलावर बसलेली. कोलवेझीहून निघताना ड्रायव्हरला कंपासपेटी परत दिली, आत मुलीसाठी दहाची नोट ठेवली होती. त्याने ती काढली, उन्हात धरून चारही कोपरे तपासले आणि मग खिशात घातली.