दोन कॅप्टन, एक कप

कूप द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचा फुटबॉल कप, म्हटलं की मला सगळ्यात आधी ७ मे २००० ची फायनल आठवते. कॅले, चौथ्या डिव्हिजनचा हौशी क्लब, दिवसभर नोकऱ्या करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारी पोरं, आणि त्यांनी पहिल्या डिव्हिजनच्या स्ट्रासबुर्गला बाहेर काढलं, सेमीफायनलला गतविजेत्या लीग चॅम्पियन बोर्दोला ३-१ ने काढलं आणि थेट फायनलच्या स्टेडियमवर, स्टाद द फ्रान्सवर पोचले! फायनलला समोर नाँत, पण पहिला गोल कॅलेचाच. मग नाँतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी केली आणि ९० व्या मिनिटाला त्यानेच पेनल्टी मारली, २-१. फार जीवाला लागलं. पण नाँतचा कॅप्टन, गोलकीपर लाँद्रो, वय अवघं २०, त्याने कॅलेच्या कॅप्टनला, रेजिनाल्द बेकला, बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. २०१८ ला पॅरिसच्या पीएसजीने तिसऱ्या डिव्हिजनच्या लेझ एर्बिएला २-० ने हरवलं तेव्हा पीएसजीचा कॅप्टन थियागो सिल्वानेही तेच केलं. असं दृश्य बघितलं की माझ्या तर अंगावर काटा येतो.

हा कप सुरू झाला १९१७ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असतानाच, आणि नाव दिलं फ्रेंच फुटबॉलचा संघटक शार्ल सिमोनचं, जो १९१५ ला आघाडीवर मारला गेला होता. पहिल्या वर्षी ४८ क्लब होते, आता ७ हजारांच्या वर एंट्री येतात, अगदी गावातल्या क्लबपासून. ड्रॉमध्ये एखादी टीम दोन डिव्हिजन खालची असली की मॅच तिच्या ग्राउंडवर, हा नियम मला भारी आवडतो, कारण मोठ्या क्लबला छोट्या गावात जावंच लागतं.

आणि समुद्रापलीकडचे क्लबही असतात बरं का! हिंदी महासागरातल्या फ्रान्सच्या रीयुनियन बेटावरचा सेंट पिएरवाज ९ हजार किलोमीटरहून जास्त उडून आला आणि २०२० ला फ्रान्समधल्या निओर्त क्लबला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून शेवटच्या ३२ मध्ये गेला. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना अल्जिएर्सजवळच्या एल बिआरने फ्रान्सच्या रेम्सला २-० ने हरवून कपबाहेर काढलं होतं, आणि हे रेम्स म्हणजे आदल्याच वर्षी युरोपियन कपची फायनल खेळलेली टीम.

कॅलेचा तो क्लब २०१७ ला दिवाळखोरीत बंद पडला. बेक आणि लाँद्रोचा तो फोटो मी अजूनही काढून बघतो.