शिळा मान्ना

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये वॉच नाइट असते, बारा वाजत आले की सगळे गुडघ्यावर, आणि मी दरवर्षी रडते. खरंच रडते, नाटक नाही. प्रभू, ह्या वर्षी मी पूर्ण तुझी, कुणाची निंदा नाही, रोज शास्त्र वाचणार, सगळं सगळं कबूल. मग बाहेर येऊन केक, चहा, हॅपी न्यू इयर. आणि ८-९ जानेवारीपर्यंत त्या समर्पणाचं फ्रिजमध्ये मागे सरकलेल्या डब्यासारखं होतं, आहे पण कोणी उघडत नाही.

माझं माहेर मेथडिस्ट पंथाचं, सासर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. माहेरी नव्या वर्षात कराराची उपासना असायची, मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्लीने १७५५ मध्ये सुरू केलेली. त्यातल्या प्रार्थनेत आपण देवाला सांगतो की मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, भरलेली ठेव नाहीतर रिकामी. वर्षातून एकदा हे म्हणायला काही जात नाही हो, मंगळवारी सकाळी नळाचं पाणी गेलेलं असताना म्हणून बघा!

मागे संडे स्कूलमध्ये मी बायबलमधला निर्गम १६ शिकवत होते. मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव आकाशातून द्यायचा ते अन्न, माणशी एक ओमर (एक माप), रोजचा रोज, काहींनी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. एक पोरगा म्हणाला, टीचर, देवाकडे फ्रिज नव्हता? सगळे हसले, मीपण. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात, कारण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी चांगलाच राहिला होता की. म्हणजे टिकवता येत होतं त्याला, बाकीचे दिवस मुद्दामच टिकवला नाही, उद्या परत यावंच लागावं म्हणून. चाळीस वर्षं!

आता खरी गोष्ट. सासऱ्यांच्या आजारपणात जाऊबाई चार लोकांत मला एक वाक्य बोलल्या, ते इथे लिहीत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्यांना माफ केलं, मनापासून, आणि सोमवारी चपात्या लाटताना ते वाक्य जसंच्या तसं परत हजर. मला वाटलं माझी माफी खोटीच. पाळकसाहेबांच्या मिसेसना सांगितलं तर त्या म्हणाल्या, लूक ९:२३ काढ आणि "दररोज" खाली रेघ मार. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे येशूचं वाक्य मत्तय आणि मार्कमध्येही आहे, पण हा "दररोज" फक्त लूकमध्ये. इतकी वर्षं वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून साडेपाचला, कुकर लावायच्या आधी, फोन हातात घ्यायच्या आधी (हे जमतंच असं नाही) एवढंच म्हणते: प्रभू, आजच्यापुरती मी तुझी, आणि जाऊबाईंना आजच्यापुरतं माफ. आमच्या ग्रुपमधल्या एकीला हे अजिबात पटलं नाही, म्हणाली समर्पण एकदाच असतं, आजच्यापुरतं म्हणजे काय भाड्याने? मी म्हटलं बाई, बाप्तिस्मा एकदाच झालाय माझा, परत नाही घेत, पण जेवण एकदाच जेवलीस का तू. ती अजून थोडी फुगलेलीच आहे.

आणि ते देवाची करुणा रोज सकाळी नवी होते वालं वचन, आपण ते फुलांच्या फोटोवर टाकून गुड मॉर्निंग पाठवतो, पण ते बायबलमधल्या विलापगीतातलं आहे, यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर रडत रडत म्हटलेलं. माझ्यासारख्या रोज पडणाऱ्या बाईला ते तिथेच जास्त धीर देतं.

आज सकाळी मात्र राहिलंच. गॅस संपला, पोराचा टिफिन अर्धवट, सगळ्यांवर ओरडून झालं. शेवटी बारा वाजता शेअर रिक्षात आठवलं, आणि नकळत मोठ्यानेच म्हणाले, आजच्यापुरतं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, म्हणाला, मॅडम, सुट्टे नाहीत का?