हिप-हॉपमध्ये मुरलेली जमैका

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला, हे खरंच. पण ते घडवणाऱ्या पहिल्या फळीतले दोघे कॅरिबियन बेटांवर जन्मले होते. माझ्या मते ही कला कळायची असेल, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

डीजे कूल हर्क जमैकाच्या किंग्स्टनचा. 11 ऑगस्ट 1973 रोजी 1520 सेजविक ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत बहीण सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली होती, तिथे तो रेकॉर्ड लावत होता. जमैकातली साउंड सिस्टीम म्हणजे भलेमोठे स्पीकर, छातीत घुमणारा बेस आणि गाण्यावर माइकवरून बोलणारा माणूस. हे सगळं हर्कने उचललं. ब्रॉन्क्सची पोरं रेगेवर नाचेनात, म्हणून रेकॉर्ड मात्र जेम्स ब्राउनसारख्या अमेरिकन फंक गायकांच्या लावल्या. पोरं वाट बघायची ती ब्रेकची, म्हणजे बाकी वाद्यं थांबून नुसते ड्रम्स वाजतात त्या काही सेकंदांची. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा लावायचा, अशी त्याची युक्ती.

यात फसायचा तो सांधा. सुई अंदाजाने टेकवली की ठेका तुटतो आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. तो सांधा पक्का केला ग्रँडमास्टर फ्लॅशने. हा बार्बाडोसचा, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. ब्रेक सुरू होतो तिथे तो रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करी, आणि एक प्रत वाजत असताना दुसरी फेरे मोजून हाताने मागे फिरवी. हिशेब करून बघा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात. मिनिटाला 110 ठोके असतील तर चार बारना (एक बार म्हणजे चार ठोके) सुमारे 8.7 सेकंद, म्हणजे पाचाला थोडे कमी फेरे. तेवढे मागे या, खूण गाठा, हेडफोनमध्ये तपासा, मगच सोडा.

स्लिक रिक लंडनमध्ये जन्मलेला, जमैकन आईबापांचा. ब्रॉन्क्समध्ये येऊन त्याने रॅपमध्ये गोष्ट सांगण्याची रीत अशी बसवली की पुढच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या.

लंडनमध्ये साउंड सिस्टीमचा वारसा ग्राइम या वेगवान रॅपच्या प्रकारात उतरला, वाटेत जंगल आणि गराज हे नाचाच्या संगीताचे प्रकार लागले. इथला वेग मिनिटाला 140 ठोके. 16 बार म्हणजे 64 ठोके, ते इथे साधारण 27 सेकंदांत संपतात. 90च्या वेगाला तेच जवळजवळ 43 सेकंद चालतात. म्हणून 90वर लिहिलेला व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, जसाच्या तसा 140वर आणला की शब्द एकमेकांवर चढतात आणि श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग एक तर अक्षरं छाटा, नाही तर निम्म्या गतीने, 70 धरून म्हणा. ओळ जमली की गर्दी ओरडते, डीजे रेकॉर्ड मागे फिरवतो आणि एमसी, म्हणजे माइकवरचा रॅपर, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. याला रीलोड म्हणतात, आणि तो थेट जमैकातल्या डान्सहॉल या नाचाच्या संगीतातला.

ग्राइममधले पुष्कळ एमसी पश्चिम आफ्रिकी घरांतले. स्केप्टाचे आईवडील नायजेरियन. त्याला 2016 मध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला दिला जाणारा ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. स्टॉर्मझीची आई घानाची. 2019 मध्ये तो ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर हेडलायनर, म्हणजे मुख्य कलाकार, होता.

फ्रान्समध्ये रॅपला कायद्यानेही हात दिला. 1996 पासून रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंच भाषेतली असणं बंधनकारक झालं. सेनेगलच्या डाकारमध्ये जन्मलेला रॅपर एमसी सोलार त्याआधीच गाजला होता, पण मागून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना रेडिओची दारं उघडली ती या नियमामुळे.