एकवीस हात दोर

धुळ्याच्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला होतो, तेव्हाची, १९८४ची गोष्ट. एका खेड्यातल्या शाळेचा वार्षिकांक छपाईला आला होता आणि त्यात मराठी-संस्कृत शिकवणाऱ्या सरांची एक कविता होती. वर विहिरीच्या काठावरच्या दोन ओळी. मग पानाच्या मधोमध ‘दोर’ हा एकच शब्द, एकाखाली एक, २१ वेळा. पुढे थोडी कोरी जागा आणि पार तळाशी, बारीक टायपात, ‘पाणी’.

मालकांचा दंडक होता की एका पानात दोन कविता बसल्याच पाहिजेत. मी दोर १६ वर आणले, कोरी जागा काढून टाकली, खाली दुसरी कविता घातली. शब्द तोच, पाच कमी झाले तर काय बिघडलं, असं मला खरंच वाटलं होतं.

सर प्रूफ बघायला आले. बोट ठेवून वरून खाली मोजत गेले.

“भाऊ, माझ्या विहिरीला २१ हात दोर लागतो. तुम्ही १६च सोडलात. बादली पाण्याला टेकायची नाही.”

मला एकदम ती बादली अधांतरी लोंबकळताना दिसली. मालकांना मीच जाऊन सांगितलं की हे पान एकट्या कवितेला द्या. कुरकुरले, पण दिलं.

मी पुन्हा जुळवायला बसलो, तर सर शेजारच्या स्टुलावर टेकले आणि म्हणाले, हे काही माझं डोकं नाही, आपल्याकडे जुनं आहे. संस्कृत कवी भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ महाकाव्यातला पंधरावा सर्ग अशाच करामतींचा. त्यात गोमूत्रिका बंध आहे. बैल चालता चालता मुततो तेव्हा धुळीत जशी नागमोडी रेघ उमटते, तसा श्लोक एकाखाली एक मांडलेल्या दोन ओळींतून वरखाली वाचायचा. दर दुसरं अक्षर दोन्ही ओळींत सारखं, म्हणून आडवा वाचा नाहीतर नागमोडी, श्लोक तोच. मी शेतकऱ्याचा पोरगा, ती रेघ शेकडो वेळा पाहिलेली. संस्कृत न येताही तो बंध मला तिथल्या तिथे समजला.

खरी मेहनत मात्र कोऱ्या जागेची. वाचणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, पण जुळवणाऱ्याला ती जागाही शिशानेच भरावी लागते. ते शिसं अक्षरापेक्षा बुटकं, म्हणून शाई लागत नाही एवढंच. त्या पानात अक्षरं मूठभर आणि कोरं शिसं वीतभर होतं. एक तुकडा ढिला राहिला असता तर चेस, म्हणजे खिळे आवळून धरणारी लोखंडी चौकट, उचलताना सगळा दोर खाली सांडला असता.

पुढे बऱ्याच वर्षांनी ऑयगेन गोमरिंगर या स्विस कवीची १९५०च्या दशकातली कविता पाहिली. पाच ओळींत ‘शांतता’ हा एकच शब्द १४ वेळा, आणि बरोबर मध्ये एका शब्दाची जागा मोकळी. लोक म्हणतात, खरी शांतता त्या मोकळ्या जागेत आहे. माझ्या बोटांना तिथे लागणारं शिसं आधी जाणवलं. फ्रेंच कवी अपोलिनेरच्या १९१८च्या संग्रहात पावसाची कविता आहे, तिची अक्षरं तिरप्या धारांनी पानावर उतरतात. चौकोनी खिळ्यांतून तो तिरपा पाऊस पाडणाऱ्या अनोळखी जुळाऱ्याला मी मनोमन हात जोडले.

सरांच्या पानाचा जुळवलेला फर्मा त्याच दिवशी संध्याकाळी ट्रेडलवर, पायाने चालवायच्या छपाई मशीनवर, चढला. मशीन चालवणारे आबा अहिराणी बोलायचे, वाचता येत नव्हतं. आम्ही छापतो ते काय आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पहिला कागद निघाला तो त्यांनी उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला.

“हीर शे का ही?”

मी हो म्हणालो, विहीरच. शाईच्या बोटाने, कागदाला न लावता, ते वरून खाली मोजत गेले. २१ झाल्यावर खालच्या कोऱ्या जागेत बोट थांबलं.

“आमनी तेवीसवर गयी, भो,” म्हणाले, आणि ट्रेडलवर पाय दिला.