प्रॉम्प्टरची वही

नववीत स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला काम मिळालं नाही. मराठीच्या बाईंनी विंगेत उभं केलं, हातात दोनशे पानी वही दिली आणि म्हणाल्या, "तू प्रॉम्प्टिंग कर, कोणी संवाद विसरला तर आतून हळूच सांग. पण नुसते संवाद पुरणार नाहीत. कोण कुठल्या शब्दाला उठतो, पेला कोणत्या हातात घेतो, सगळं पेन्सिलीनं समासात लिही." घरी जाऊन रडलो होतो मी.

आज पंचवीस वर्षं मालिकांमधून चरित्र भूमिका, म्हणजे नायक-नायिकेभोवतीच्या माणसांच्या भूमिका, करतो आहे, ते त्या वहीच्या जोरावर. बाईंना हे सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितो.

नववीचं ते साल 1987. जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी इंदूरच्या आमच्या रामबागेतले रस्ते ओस पडू लागले. सोमवारी वर्गात बाण आणि गदा यांच्याच गप्पा. रावण झालेले अरविंद त्रिवेदी आपल्या इंदुरात जन्मलेले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. माझं लक्ष असायचं दशरथ आणि कौसल्येकडे. बाळ धुरी आणि जयश्री गडकर, खरोखरचे नवरा-बायको, आपल्यासारखी मराठी माणसं. समोरचा बोलत असताना जयश्रीबाई नुसत्या ऐकत असत, तरी नजर त्यांच्यावरून हलत नसे. मंथरा होत्या ललिता पवार. त्यांची हकीकत बाईंनीच वर्गात सांगितली. 1942 मध्ये एका चित्रीकरणात थोबाडीत जोरात बसली, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका गेल्या. त्याच चेहऱ्यानं त्यांनी पुढे कित्येक दशकं काम केलं. त्या दिवशी मी मनात काहीतरी ठरवलं असावं.

मुंबईत सुरुवातीची वर्षं भाषेनं छळलं. मराठी मालिकेत म्हणत, तुमच्या बोलण्यात हिंदी डोकावते. हिंदीत म्हणत, मराठी लहेजा येतो. घरी 'मी येऊन राहिलो' म्हणणारी आपण इंदुरी माणसं, त्याला काय करणार! पण 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी (आताची झी मराठी) आली, 2000 नंतर हिंदीत रोजच्या मालिकांचा पूर आला आणि दोन्हीकडे चालणारा माणूस लागू लागला. मामा झालो, मुनीम झालो, डॉक्टर तर किती वेळा!

हे काम जवळून कसं असतं ते सांगतो. लग्नाच्या बोलणीचा सीन, सहा माणसं ताटावर. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचा क्लोज. सकाळी अकराला वाढलेली आमटी चार वाजता गार झालेली, वर साय धरलेली. माझी वाक्यं दोनच. पण मास्टरमध्ये 'मुलगी' या शब्दाला मी पोळीचा तुकडा मोडला होता आणि 'तारीख'ला पेला उचलला होता, उजव्या हातानं. मग दर टेकला तसंच, त्याच शब्दाला. चुकलं तर एडिटरला जोडता येत नाही आणि तो तुमचा क्लोज वापरतच नाही. चरित्र नटाची पडद्यावरची चार सेकंदं अशी टिकतात. माझ्या प्रत्येक सीनच्या कागदावर समासात पेन्सिल असते, ती यासाठी.

पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. एका निर्मात्यानं सात महिन्यांचे दिलेच नाहीत. त्याहून लागलं ते वेगळंच. एकदा सेटवर पोहोचलो तर आर्ट डिपार्टमेंटचा मुलगा माझ्या फोटोला चंदनाचा हार घालत होता. दोन वर्षांची भूमिका संपल्याचं मला तसं कळलं. ज्या बैठकीत रोज बसायचो, तिच्याच भिंतीवर तो फोटो लागला. त्या दिवशी माझा एकच शॉट होता, आठवणीतला. तो नीट दिला आणि घरी आलो.

बाई आता नाहीत. वही मी जपून ठेवली होती, ती अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेकडे देतो आहे. कडा झिजल्या आहेत, पेन्सिल पुसट झाली आहे. तिसऱ्या अंकात एका लांब संवादाशी बाईंच्या लाल शाईत लिहिलेलं अजून स्वच्छ वाचता येतं: "इथे थांब. त्याला शब्द आठवतो आहे. सांगू नकोस."